शेवटून दुसरी कमान

"समजा, ही भिंत नाहीच," तो म्हणाला, आणि भिंतीच्या आतून कुणीतरी खोकलं.

सगळे हसले. रविवारी सकाळी जुन्या इमारती बघायला निघालेली माणसं हसायला तयारच असतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तर टाळीसाठी हात पुढे करून म्हणाले, "भिंतीला मान्य दिसत नाही हो तुमचं!" त्याने टाळी दिली, आणि देताना त्याच्या लक्षात आलं की आपला तळवा ओला झालाय. खोकला त्याच्या ओळखीचा होता. कोरडा, दोन टप्प्यांचा. दाराची कडी वाजवून, कुणी आलं नाही म्हणून जरा जोरात पुन्हा वाजवावी, तसा. मामीचा खोकला. हे त्याला हात पुढे करण्याआधीच कळलं होतं, आणि तरी टाळी त्याने दिली होती. एवढ्यात घोळक्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना प्रत्येक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडत नसे, पुढे झाल्या आणि भिंतीच्या गिलाव्यावर बोटाने टकटक करत म्हणाल्या, "पण इथे राहतं कोण?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

मग घाईने, "म्हणजे आहे कुणीतरी. नंतरचं."

'नंतरचं' हा त्याच्या धंद्यातला शब्द. बांधणारा हात पुसून निघून गेल्यावर इमारतीला जे जे चिकटतं, ते सगळं नंतरचं. पत्र्याची पडवी, नळाची तोटी, खिडकीत कोंबलेली वीट, तारा, दोऱ्या, माणसं. जुन्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्याच्या ऑफिसात हा शब्द दिवसातून कितीदा तरी वापरला जाई आणि त्यात कुणाला काही वाईट वाटण्यासारखं नसे. भिंत विटांची होती, पण एकेरी. तिच्यातून भांड्याचा आवाज बाहेर येतो, कुजबूज येते, काडेपेटीची काडी ओढल्याचासुद्धा आवाज येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि बाहेरचं आत किती जातं, तेही.

खोकला पुन्हा आला नाही.

तो बोलत राहिला. ही जुनी महसूल कचेरी. गोऱ्या साहेबांना वाटलं होतं की इथे मोठं बंदर होणार, शहर नावाजणार. (भिंतीला लागून मामीचा ओटा.) म्हणून त्यांनी समोर हा लांबच्या लांब कमानींचा व्हरांडा बांधला, घडीव दगडाचा, साहेबांच्या बग्ग्या थेट सावलीत येऊन थांबाव्यात म्हणून. (ओट्याशेजारी पिंप, पिंपावर ताट, ताटावर उपडा पेला.) मग नदी गाळाने भरली, जहाजं दुसरीकडे गेली, साहेबही गेले. कचेरी राहिली. पाडायलासुद्धा कुणी फिरकलं नाही, म्हणून वाचली. (डाव्या कोपऱ्यात लोखंडी पलंग. पलंगाखाली त्याची शाळेची पेटी, अजून.) आता वर बघा. कमानीच्या माथ्यावरचा तो पाचरीसारखा दगड बघा, बाकीच्या सगळ्या दगडांचा भार त्याने धरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अय्या, दाढेसारखा!" आणि पुन्हा हशा झाला. (त्या दगडाच्या बरोबर खाली तो झोपायचा. दिवा मालवल्यावरही दगड दिसायचा. दगड पडला तर आपल्या कपाळावर पडेल, हे त्याने पाचवीतच मोजून ठेवलं होतं.)

मग त्याने घोळका पुढे नेला.

ह्या शहरात मुद्दाम कुणी येत नाही. गाडी बदलायला येतात, फलाटावर चहा पितात आणि पुढे जातात. त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनासुद्धा आधी वाटलं होतं की इथे बघण्यासारखं काय असणार. त्याने त्यांना सुट्टीच्या दिवशी पायी फिरवून दाखवलं होतं. पाणीपुरवठ्याचं जुनं केंद्र, सिंहाच्या तोंडातून पाणी पडायचं ते. तारघर, त्याच्या निळसर काचा. पुलाचे बिडाचे कठडे, ज्यांच्या प्रत्येक पट्टीत एका बुडालेल्या कंपनीची अक्षरं ओतलेली आहेत. ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्यावर त्याचा जीव जडायचा. तसा तो स्वतःला दयाळू माणूस समजत असे. दगडाचा टवका उडालेला दिसला तर त्याला दुखायचं, खरोखर दुखायचं, नखात काडी गेल्यासारखं. आज सिंहांसमोर उभं राहून तो नेहमीचं बोलत होता, लोक माना वर करून ऐकत होते, आणि त्याला सारखं वाटत होतं की आपल्या तोंडातूनही असंच आपोआप पडतंय, कुठल्या तरी नळातून आलेलं. मामीने ऐकलं असेल का? ऐकलं असेल. ऐकलं नसेल, ती ओट्याशी असेल, भांडी घासताना तिला बाहेरचं कळत नाही. पण मग खोकली कशी? खोकली तेव्हा भिंतीजवळ होती. बाहेर आपल्या भाच्याचा आवाज आला म्हणून ती भिंतीजवळ आली असेल. कान लावून, मामाला सांगावं म्हणून, की आज कसा छान बोलत होता.

ही कल्पना आली आणि त्याचं वाक्य मधेच

"बोला ना," बँकवाले म्हणाले. "सिंहांचं काय झालं?"

"काही नाही. दोन पडले. दोन राहिले."

आई गेल्यावर वडिलांनी त्याला मामाकडे आणून सोडलं तेव्हा मामा कचेरीतला लिफ्टवाला होता. जाळीचं दार, पितळी दांडा, खाकी कोट. दिवसभर माणसं वर नेऊन सोडायची आणि संध्याकाळी स्वतः तळमजल्यावर येऊन राहायचं, असं मामा हसून सांगायचा. कुण्या एका भल्या अधिकाऱ्याने तोंडी सांगितलं होतं, ती शेवटून दुसरी कमान बंद करून घे, रात्री कचेरीवर लक्षही राहील. मामाने विटा रचल्या, वरच्या अर्धगोलात फळ्या आणि एक काच बसवली, आणि साहेबाच्या बग्गीच्या जागी संसार मांडला. "आमच्या आजोबांना या व्हरांड्यात पाय ठेवता येत नव्हता," मामा म्हणायचा. "अर्ज हातात धरून बाहेर उन्हात उभे राहायचे. आणि आम्ही बघा, चांगले घोरतो!" कचेरी नव्या इमारतीत गेली, लिफ्ट बंद पडली, मामा निवृत्त झाला. खोली राहिली. त्याने तिथेच अभ्यास केला. कमानीचा वळसा त्याला भूमितीच्या आधी कळला. दगड कसा दगडाला रेलतो, सांधा कुठे बारीक होतो, हे तो अंथरुणात पडल्या पडल्या शिकला, आणि पुढे ड्राफ्ट्समनच्या परीक्षेत त्याचा हात इतका सरळ कसा चालतो याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, तेव्हा त्याने कुणाला कारण सांगितलं नाही. शाळेत 'कुठे राहतोस' असं विचारलं की तो म्हणायचा, "महसूल कचेरीत." पोरांना वाटायचं बाप साहेब असणार. खोटं असं त्याने काही सांगितलेलं नव्हतं. फक्त मित्र घरी कधी आणले नाहीत.

ऑफिसने करायला घेतलेल्या कचेरीच्या नकाशावर चूक झाली ती आळसाने नाही. आळसाने झाली असती तर बरं झालं असतं. व्हरांड्याच्या कमानी सगळ्या सारख्या. अशा वेळी ड्राफ्ट्समन एकच कमान नीट मोजतो आणि तीच पुढे पुढे उमटवत जातो. सगळेच तसं करतात, त्यात लबाडी नाही, कामाची रीतच आहे ती. त्याने पहिली कमान मोजली, दगडन् दगड, आणि संगणकाच्या पडद्यावर तिला उजवीकडे सरकवत गेला. सरकवता सरकवता शेवटून दुसरीपाशी आला. हात थांबला होता का? त्याला आता आठवत नाही. थांबला असेल तर तेवढ्यापुरता. मग तीही उमटली, मोकळी, आरपार, तिच्यातून मागचं अंगण दिसतंय अशी, आणि तिच्यापुढची. नकाशा छापून भिंतीवर लावला तेव्हा मोठे साहेब कितीतरी वेळ हात मागे बांधून उभे राहिले होते. "शाबास," ते म्हणाले. "इमारत श्वास घ्यायला लागली." अशी शाबासकी त्याला आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्याच क्षणी त्याला दिसलं होतं. हा आजच्या स्थितीचा नकाशा आहे, पूर्वी कशी होती त्याचा नाही. ह्यात जे आहे ते सगळं यायला हवं: वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले होते, मागची पडवी आली होती, जिन्याखालचा धोबीसुद्धा आला होता. 'साहेब, एक राहिलं,' एवढंच म्हणायचं होतं. मग साहेब म्हणाले असते, कुठलं? मग म्हणावं लागलं असतं, तिथे एक कुटुंब राहतं. तुला काय माहीत? मला माहीत आहे, कारण

तो काही बोलला नाही. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो हात तिथेच राहावा असं त्याला वाटत होतं.

कचेरीचं आता संग्रहालय होणार. आत राहणाऱ्यांना नगरपालिका दुसरीकडे खोल्या देणार, ज्याची जागा नकाशावर असेल त्याला. ज्याची नसेल त्याने जागेचा कागद दाखवायचा, आणि मामाकडे त्या भल्या अधिकाऱ्याच्या शब्दाखेरीज काही नव्हतं. अधिकारी केव्हाच गेला. उद्या सकाळी नकाशा पालिकेत जमा होणार होता. एकदा जमा झाला की त्याच्यावर शिक्का बसणार, आणि मग शेवटून दुसऱ्या कमानीत कधी कुणी राहिलंच नव्हतं.

पुलापाशी त्याने सगळ्यांचा निरोप घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार छान सांगता हो तुम्ही. आम्ही रोज इथून जातो, पण कधी मान वर करून बघितलं नाही." तो म्हणाला, "हो, मान वर करायला हवी." त्या गेल्या. तो उलट्या वाटेने निघाला. सरळ न जाता तारघराच्या मागून गेला, मग छापखान्याच्या बोळातून, मग पुन्हा तारघरावरून. ऊन चढलं होतं. एका पायरीवर बसून त्याने बुटातला खडा काढला; खडा नव्हताच. साहेबांना फोन करावा. काय सांगावं? नकाशा बदलावा लागेल, साहेब. आज रात्रीत करतो. हात शिवशिवत होता, पण फोन खिशातून निघेना. त्याऐवजी त्याच्या डोक्यात एकामागून एक सोयी येत होत्या. त्यांना मी माझ्याकडे नेईन. नेईन का? माझ्या घरी जागा आहे. बायको काय म्हणेल? मामा येणार नाही. मामा येणार नाही हे मला ठाऊक आहे म्हणून तर मी इतक्या सहज नेतोय. प्रत्येक सोयीच्या मागे असं काहीतरी उभं होतं, आणि तो मान फिरवून पुढे जात होता.

दार उघडंच होतं. मामी ओट्याशी पाठ करून उभी.

"ये," ती म्हणाली. वळली नाही. "लवकर आटपली तुझी माणसं?"

"हो. ऊन झालं."

"बस. चहा टाकते."

पुढे काही नाही. एरवी ती आधी त्याच्या शर्टाकडे बघायची, बटण तुटलंय का. मग तोंडाकडे, वाळलाय का. मग एकदम पाच प्रश्न. आज पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मग काडी ओढल्याचा. तो पलंगाच्या कडेवर बसला. ती काही बोलली असती तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. 'तू मला कुणी नाही म्हणालास' असं तिने म्हणावं, मग आपण म्हणावं, मामी, ते तसं नव्हतं. कसं होतं मग?

मामा आला तो दारातूनच बोलत. हातात दुधाची पिशवी, अंगात बटणं निघालेला जुना खाकी कोट. "अरे भाचेबुवा! मला त्या धोब्याने सांगितलं, तुमचा साहेब आज पलटण घेऊन आला होता म्हणून. मी म्हटलं, साहेब कसला, कालपर्यंत शेंबूड पुसायचा माझ्या बाहीला." तो खळखळून हसला. "आणि धोबी मला विचारतो कसा, तुमची खोली येणार ना हो नकाशात? मी म्हटलं, वेड्या, नकाशा काढणारा कोण आहे? ती खोली त्याच्या हाताला तोंडपाठ आहे. तुझा जिना विसरेल एक वेळ तो!"

मामी चहाचे कप ठेवून गेली. तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा झाला.

"दाखव ना," मामा म्हणाला. "त्या तुझ्या फोनात असेल ना? बघू तरी आमचा राजवाडा."

'फोनात नाही' असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीसुद्धा होती. पण मामी ओट्याशी उभी होती आणि तिची पाठ ऐकत होती. त्याने फोन काढला, नकाशा उघडला आणि मामाच्या हातात दिला. मामाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. बोटाने चित्र सरकवायला त्याला जमेना, तेव्हा भाच्यानेच सरकवून दिलं. कमानीमागून कमान. "वा," मामा म्हणाला. "वा रे वा. अरे काय मोकळी दिसतेय. हे आपलंच? मला वाटलं परदेशातलं काहीतरी दाखवतोयस." त्याचं बोट एकेका कमानीवर थांबत, पुढे जात, मागे येत फिरलं. "आपण कुठे आहोत यात?"

त्याने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आपण बाहेर गेलोय," मामी म्हणाली.

मामा हसला, विनोद समजून. मग हसणं संपलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं, मग भाच्याकडे, मग घाईघाईने परत चित्राकडे, जणू भाच्याचा चेहरा बघून आपणच काही आगाऊपणा केला. मामाची ही घाई त्याला सहन झाली नाही. मामाने रागवायला हवं होतं, कप फेकायला हवा होता. मामा चष्मा पुसत बसला.

"म्हणजे," मामा म्हणाला, "ते भिंत घातली की दिसत नसेल चांगलं. मी तरी कुठे नीट घातली होती, विटा सगळ्या वाकड्या. तुझं चित्र कसं एका ओळीत आहे. मधेच आमचं ठिगळ." थोडा वेळ थांबून, अगदी समजूत काढल्यासारखा तो म्हणाला, "चित्र खराब होत असेल तर नको काढूस, बाबा. बघू आम्ही कुठेतरी. तुझं नाव आहे त्याच्यावर."

आणि त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणं त्याने स्पष्ट ओळखलं. छातीवरून काहीतरी उचललं जावं तसं, क्षणभर, गोड. मामाच म्हणतोय. मामाची परवानगी आहे. पुढच्या क्षणी त्या गोडीची त्याला अशी काही शिसारी आली की तो उठून उभाच राहिला. उठला, तेव्हा पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. पाठीवरच्या पिशवीत टेप होती. त्याने ती काढली.

"काय करतोस?" मामा म्हणाला.

"मोजतो."

"अरे पण आता—"

"नकाशा उद्या सकाळी जायचाय. रात्री काढीन."

"आणि तुझे साहेब? चिडतील की."

"चिडतील," तो म्हणाला. मग त्याने फोन मामाच्या हातातून घेतला आणि साहेबांना लावला, आता लावला नाही तर दारापर्यंत जाईतो आपण पुन्हा तसेच होऊ या भीतीने. साहेब जेवायला बसले असावेत. तो म्हणाला, नकाशात एक खोली राहिलीये, शेवटून दुसऱ्या कमानीत. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. तो म्हणाला, "नाही साहेब, मोजली नव्हती. न मोजता उमटवली." पुन्हा काहीतरी. "कारण मी इथेच वाढलो. माझे मामा-मामी राहतात इथे." तिकडे वाटी सरकवल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "उद्या बोलू," आणि फोन ठेवला. त्या दोन शब्दांत राग होता की नुसता घास, त्याला कळलं नाही. मामी आता वळली होती. तिच्या चेहऱ्यावर त्याला वाटलं होतं तसं काहीच आलं नव्हतं, ना आनंद, ना माफी. ती त्याच्याकडे बघत होती, फोनच्या दुरुस्तीवाल्याकडे बघावं तशी, झालं का एवढंच.

मामा मात्र लगबगीने उठला होता. टेपचं टोक धरून तो कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसला, "इथे ना? अगदी फटीपासून?" म्हणून दोनदा विचारून झालं. पलंगाची बाजू झाली. दाराची झाली. प्रत्येक मापानंतर भाचा कागदावर आकडा लिहीत होता आणि लिहिताना त्याला नवल वाटत होतं की खोली इतकी लहान आहे. त्याच्या आठवणीतल्या खोलीपेक्षा कितीतरी लहान. ह्यात आपण तिघं कसे मावत होतो? उरली ती व्हरांड्याकडची भिंत, एकेरी विटांची, जिच्या बाहेर तो सकाळी उभा होता. मामी त्या भिंतीला स्टूल लावून बसली होती. कधी येऊन बसली ते त्याने पाहिलं नव्हतं.

"मामी, जरा सरकतेस?"

"नाही."

मामा कोपऱ्यातून म्हणाला, "अगं, त्याला मोजू दे की."

"मोजू दे," मामी म्हणाली. "मी काही हात धरलाय त्याचा? मला धरून मोज."

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने टेप ओढली. पत्र्याची पट्टी भिंतीला लागून आली, मामीच्या खांद्यापाशी अडली, खांद्यावरून वाकली, पुन्हा भिंतीला टेकून पलीकडच्या कोपऱ्यात गेली. ताण दिला तशी तिच्या पदराला घडी पडली. ती हलली नाही. एवढ्या जवळून तिचा श्वास त्याला ऐकू येत होता आणि पट्टी त्या श्वासाबरोबर जराशी वरखाली होत होती, म्हणून आकडा एका जागी ठरेना. त्याने वाट पाहिली. आयुष्यभर तो मोजतच आला होता, आणि वाकलेल्या टेपवरचं माप खरं नसतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"किती आलं?" मामाने विचारलं.

त्याने आकडा सांगितला, आणि होता तसा लिहिला.